घरात तीन फोर बाय फोर, मतं चार. बाबांच्या ५४० चं काय करावं?

रानवाट | शुक्रवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, पण आधी घरची परिस्थिती सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल एवढ्याशा गोष्टीला धागा कशाला.

आम्ही कोल्हापूरकडचे. ऊस आहे, आणि उसाला जायची पाणंद जून ते ऑक्टोबर चिखलाची असते. त्या चिखलाच्या निमित्तानं बाबांनी नव्वदच्या दशकात सरकारी लिलावातली महिंद्रा एमएम ५४० घेतली. निमित्त म्हणतो, कारण चिखल नसता तरी त्यांनी ती घेतलीच असती. त्यांच्या मांडीवर बसून आम्ही दोघं भाऊ स्टिअरिंग धरायला शिकलो. पुढं दादानं थार घेतली (डिझेल, २०२१), मी जुनी मारुती जिप्सी किंग घेतली. वहिनीच्या नावावर गाडी नाही, पण तिन्ही चालवते आणि आमच्यापेक्षा बरी चालवते. आईला या सगळ्याचा वैताग आहे. दादानं थारला लिफ्ट किट आणि मोठे टायर घातल्यापासून ती म्हणते, "मला चढायला शिडी आणा नाहीतर रिक्षा बोलवा."

आता मुद्दा. ५४० चं इंजिन दमलंय. धूर, ऑइल खाणं, चढाला दुसऱ्यातच. काम काढायचं हे नक्की, पण काय काढायचं यावर घरात तट पडलेत:

दादा म्हणतो, आतलं प्यूजो कंपनीचं इंजिन काढून महिंद्राचंच डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन घाल, पाच गिअरचा बॉक्स, पॉवर स्टिअरिंग, थारसारखे टायर.
मी म्हणतो, आहे तीच गाडी ओरिजनल बांधायची. खिळासुद्धा बदलायचा नाही.
वहिनी म्हणते, इंजिनचं तुम्ही बघा, मला ब्रेक आणि स्टिअरिंग द्या.
बाबा म्हणतात, "माझ्या मागं काय ते करा." आणि रोज सकाळी जाऊन तिच्यावर फडकं मारतात.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

---

पुणेरी_मिसळ | शुक्रवार, रात्री १०:५२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. तीन फोर बाय फोर पार्क करायला जागा आहे, या एकाच गोष्टीवर आमच्या सोसायटीत दंगल होईल.

---

घिसाडी | शुक्रवार, रात्री ११:१५

इंजिन बदलायचं की नाही हे घरातल्या तटांनी ठरवू नका, गाडीला विचारा. आधी कॉम्प्रेशन तपासून घ्या. धूर कसला आहे ते बघा. निळा असेल तर ऑइल जळतंय, म्हणजे रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्ह सील. काळा असेल तर नोझल आणि पंपाचं कॅलिब्रेशन, किंवा एअर फिल्टर चोंदलाय. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही जात नसेल तर हेड गॅस्केटकडं बघा. लिलावाच्या गाड्यांचा पंप बहुतेक वेळा कुणीतरी 'ताकद वाढवायला' छेडलेला असतो, नुसत्या त्यानंही माणसं इंजिन फुकट उघडून बसतात.

५४० मधलं प्यूजोचं एक्सडीपी ४.९० हे २.१ लिटरचं, ६२ हॉर्सपॉवरचं. आजच्या हिशेबानं हसू येईल, पण लो गिअरला टाकल्यावर ६२ पुष्कळ होतात. दोष ताकदीचा कमी आणि सुट्या भागांचा जास्त. मिळतात, पण फिरावं लागतं. तुम्ही कोल्हापूरचे म्हणजे तुम्हाला शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसी आहेत, फाउंड्री आणि लेथवाले दारात. मुंबईवाल्याला जे मिळत नाही ते तुमच्याकडं करून मिळतं.

डीआय घातलं तर गाडी नक्की ओढेल. आवाज आणि थरथर पण नक्की वाढेल. माउंटिंग, रेडिएटर, एक्झॉस्ट, जॉइंट शाफ्टची लांबी, एकाला हात लावला की पाच गोष्टी हलतात. दादांना म्हणावं नुसत्या इंजिनचा भाव बघू नका.

---

कलम_५२ | शनिवार, सकाळी ७:३०

नाव वाचून कळलं असेल मी काय बोलणार.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर जे तपशील आहेत ते कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही केरळच्या एका प्रकरणात हेच बजावलंय, आधीचा उच्च न्यायालयाचा सैल निकाल रद्द करून. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं. परवानगी नसलेले भाग बसवून बदल केला तर मालकाला दर बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दर बदलामागं, हे नीट वाचा.

इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची मंजुरी, मग नवा इंजिन नंबर आरसीवर. इंजिनाचं बिल जपून ठेवा. भंगारातून आणलेल्या इंजिनाला कागद नसतो आणि तिथंच सगळं अडतं. ५४० ची पंधरा वर्षं कधीच उलटलीत, म्हणजे दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवून नोंदणीचं नूतनीकरण चालू असणार. तिथं चॅसी नंबर आणि इंजिन नंबर बघतातच.

दादांच्या थारला पुढं लोखंडी बुल बार असेल तर तोही काढा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय. पायी चालणाऱ्याला लागतो हे एक, आणि धडकेचा जोर चुरगळून जिरवायची गाडीची जी रचना असते ती या दांड्यानं बदलते, हे दुसरं.

---

बंपर_ते_बंपर | शनिवार, सकाळी ८:०५

@कलम_५२ साहेब, रस्त्यावर दर तिसऱ्या थारला काहीतरी लावलेलं असतं. कोण धरतं?

---

कलम_५२ | शनिवार, सकाळी ८:२०

पोलीस धरत नाहीत हो, विमा कंपनी धरते. अपघात झाल्यावर सर्व्हेअर येतो आणि फोटो काढतो. पॉलिसीत न कळवलेला बदल दिसला की क्लेम अडकतो. तेव्हा 'दर तिसरा' मदतीला येत नाही.

---

वाळूतला_मासा | शनिवार, सकाळी ९:१०

दुबईहून. इथं वीकेंडला आमचा मराठी ग्रुप वाळवंटात जातो, बायका-पोरं, डबे, चटया सगळं घेऊन. एक गोष्ट सांगतो जी कुणी विकत नाही म्हणून कुणी सांगत नाही. सगळ्यात मोठं मॉडिफिकेशन फुकट आहे: टायरमधली हवा कमी करणं. वाळूत आम्ही १२ ते १५ पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) येतो. टायर पसरतो, लांबट होतो, वजन वाटलं जातं, गाडी वर राहते. दोन टनांहून जड निसान पट्रोल टेकडी चढते आणि मागं ३५ पीएसआयवर आलेला नवा गडी, लॉकर-बिकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं डिफरन्शियल लॉक) सगळं असून, पहिल्याच चढाला रुततो.

चिखलाला इतकी कमी करू नका. १८-२० पर्यंत बस. आणि परत डांबरीवर यायच्या आधी भरायला कंप्रेसर जवळ पाहिजे. कमी हवेवर वेगात वळण घेतलं की टायर रिमवरून उतरतो.

५४० ला माझं मत: टायर मोठे नकोत. मोठा टायर म्हणजे गिअरिंग उंच होतं, मग ६२ हॉर्सपॉवर खरंच कमी पडतात, मग डीआय लागतं. टायरचा हट्ट सोडला की निम्मं भांडण मिटतं.

---

थर्डगिअर | शनिवार, सकाळी १०:३०

वहिनींच्या बाजूनं कुणीच बोलत नाहीये, म्हणून लिहिते.

आमच्या माहेरी सीजे थ्रीबी होती, हाय बॉनेट, पेट्रोल. वडील आणि काका दोघेही वेडे. दर रविवारी ती खोलायची आणि दर रविवारी दोन नट उरायचे. मला गाडी शिकायची होती तर उत्तर ठरलेलं: "तुला स्टिअरिंग ओढणार नाही." खरंच ओढायचं नाही! उभ्या गाडीत चाक वळवायला दोन्ही हात आणि खांदा लागायचा. मला तेव्हा वाटायचं मी कमी पडते. नंतर पॉवर स्टिअरिंगची गाडी घेतली आणि लक्षात आलं की गाडी मला बाहेर ठेवत होती.

घरातल्या छंदात कोण कोण आहे हे बघायचं असेल तर गाडीत काय बसवलंय ते बघा. लाइट बार (दिव्यांची पट्टी), विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र), स्नॉर्कल (इंजिनाला वरून हवा देणारी उंच नळी) सगळं असतं. सीट पुढं-मागं सरकत नाही आणि क्लच दाबायला पाय कमरेपर्यंत उचलावा लागतो. ओरिजनल ठेवायचं म्हणणाऱ्या धागाकर्त्यांना नम्र विनंती: ओरिजनल म्हणजे चारी चाकांना ड्रम ब्रेक, तेही घाटात. मागच्या आडव्या बाकड्यांना बेल्ट नाहीत. तिथं मुलं बसत असतील ना तुमच्याकडं?

---

पुणेरी_मिसळ | शनिवार, सकाळी १०:३६

+१. आणि ते उरलेले दोन नट आमच्याही घरी एका बरणीत आहेत. कोणत्याही गाडीला लागत नाहीत.

---

रानवाट | शनिवार, दुपारी १:०५

@थर्डगिअर ताई, तुमचा प्रतिसाद वहिनीनं वाचला. आता घरात माझी बाजू संपली.

@घिसाडी, धूर निळाच आहे. सकाळी जास्त. कॉम्प्रेशन सोमवारी बघतो.

@कलम_५२, बुल बार काढलाय. खरं म्हणजे आईनं काढायला लावला, तिचा पदर अडकला होता.

ओरिजनलचा हट्ट का, ते सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आलं, हायवे शिरोलीला बंद झाला, तेव्हा ही ५४० गल्लीतून म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढत होती. २०२१ च्या जुलैला पुन्हा तेच. बाबा चालवायला, दादा फूटबोर्डावर काठीनं तळ बघायला, मी मागं. तिला कसलंही इलेक्ट्रॉनिक्स नाही, म्हणून बुडायला काही नाही. तो गुण घालवायचा नाही एवढंच म्हणणं आहे.

---

घिसाडी | शनिवार, दुपारी १:४०

तो गुण खरा आहे, पण अर्धा. नव्या थारची कंपनीनं सांगितलेली पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर आहे, म्हणजे दोन फुटांच्या जरा वर. जुन्या जीपला अशी मर्यादा कुणी लिहून दिलेली नाही, म्हणून लोकांना वाटतं तिला मर्यादाच नाही. पाणी वाहतं असलं की दीड-दोन फुटांतही गाडी उचलली जाते, मग चार चाकं फिरून उपयोग काय? काठीनं तळ बघणारे तुमचे दादा शहाणे आहेत.

आणि पुरानंतर डिफरन्शियलचं ऑइल बदललं होतं का? गरम अॅक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा खेळायच्या भोकातून), सीलमधून पाणी ओढून घेते. ऑइल दुधी झालं की समजायचं. स्नॉर्कल लावून मिरवणारे हा ब्रीदर उंच करायचा विसरतात. इंजिन वाचतं आणि क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली गिअरची जोडी) जातं.

---

सडेफटिंग | शनिवार, सायंकाळी ५:१५

रंगाचा बेरंग करतो, माफ करा.

मी रत्नागिरी-राजापूरकडं सड्यांवर फिरतो, वनस्पती बघायला. पावसाळ्यात तुमच्यासारखे हौशी लोक जथ्यानं येतात. तुमच्या लेखी तो नुसता मोकळा जांभा दगड. त्या दगडावर वीतभर माती असते, कुठं कुठं बोटभर, आणि त्यात वर्षातले तीन-चार महिने जगणारी झाडं असतात. एकदा मोठ्या टायरनं ती माती खरवडली की पुढच्या पावसात वाहून जाते आणि पुन्हा जमायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. डबक्यांत बेडकांची अंडी असतात. याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. उक्षी, बारसू, कशेळीचा तो प्रचंड हत्ती. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, आणि अजून कितीतरी मातीखाली आहेत. मी स्वतः एका शिल्पाच्या कडेवरून गेलेले टायरचे वळ पाहिलेत.

पाणंदीला जीप हवी, पुरात हवी, हे मान्य. पण हौसेसाठी डोंगर नांगरायचा हक्क कुणी दिला?

---

बंपर_ते_बंपर | शनिवार, सायंकाळी ५:४०

आले पर्यावरणवाले. खाणी चालतात, रिसॉर्ट चालतात, आमच्या चार गाड्या डोळ्यावर येतात. आम्ही कचरासुद्धा गोळा करून आणतो.

---

सडेफटिंग | शनिवार, सायंकाळी ५:५५

खाणीला विरोध करणारेही आम्हीच असतो हो. कचरा आणलात, धन्यवाद. मातीही परत आणून टाकता का?

---

थर्डगिअर | शनिवार, सायंकाळी ६:२०

@बंपर_ते_बंपर, सडेफटिंग यांचा मुद्दा बरोबर आहे. आमच्या ग्रुपचा नियम साधा आहे: आधीपासून चाकोरी असेल तिथूनच जायचं, नाहीतर खाजगी जमीन, मालकाला विचारून. शिकायचं असेल तर त्यासाठी केलेले ट्रॅक आहेत. महिंद्रानं इगतपुरीला ऑफ-रोड प्रशिक्षणाची जागा केली होती. स्पर्धेची हौस असेल त्यांच्यासाठी गोव्यात पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज २०१४ पासून होऊ लागलं. तिथं चिखल आहे, विंच आहे, डॉक्टर आहे.

आणि समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाही. गोव्यात तर बंदीच आहे. आपल्या कोकणात दर सुट्टीला कुणाची तरी नवी कोरी गाडी भरतीत बुडते आणि गावातला ट्रॅक्टरवाला देवासारखा धावून येतो. देवापेक्षा जास्त दक्षिणा घेतो, बरोबर करतो.

---

नीलिमा_मेलबर्न | रविवार, सकाळी ६:४५

किनाऱ्यावरून आठवलं. इथं ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला क'गारी बेट आहे (आधीचं फ्रेझर आयलंड, २०२३ मध्ये मूळ नाव परत दिलं). तिथं डांबरी रस्ताच नाही, किनारा हाच हायवे, वेगमर्यादेचे फलक लावलेले. फक्त फोर बाय फोर चालते, तीही परमिट काढून, आणि भरतीच्या आधीचे-नंतरचे दोन तास गाडी काढू नका म्हणून बजावतात. मौज आहे, पण मोकाट नाही.

आमच्याकडं टोयोटाची प्राडो आहे. नवरा, मी, दोन्ही मुलं, सगळ्यांची वाटून कामं आहेत. धाकटी टायरची हवा बघते, मोठा रिकव्हरीची पेटी लावतो. सस्पेन्शन दोन इंचांपर्यंत उचललं तर साधारण चालतं, त्यापुढं गेलात की अधिकृत इंजिनिअरकडून तपासून प्रमाणपत्र घ्यायचं. वजनाचाही हिशेब असतो: गाडी, माणसं, छतावरचा तंबू, पाणी, सगळं मिळून कंपनीनं दिलेल्या मर्यादेत पाहिजे. माझ्या नवऱ्यानं लोखंडी बंपर, विंच, दुसरी बॅटरी, ड्रॉवर सगळं लावलं. वजनकाट्यावर नेल्यावर कळलं की आता चार माणसं बसवली की जेवण घरी ठेवावं लागेल.

भारतातही असं 'तपासा आणि प्रमाणपत्र द्या' असतं तर @कलम_५२ यांना कमी लिहावं लागलं असतं.

---

कलम_५२ | रविवार, सकाळी ९:००

शंभर टक्के सहमत. सरसकट नाही म्हटलं की लोक लपवून करतात, आणि लपवून केलेलं वेल्डिंग कुणी तपासत नाही.

---

गुरखाभक्त | रविवार, सकाळी ९:३०

एवढ्या चर्चेत फोर्सच्या गुरखाचं नाव नाही? पुण्याची कंपनी, जुनी बजाज टेम्पो. पुढं-मागं दोन्ही डिफरन्शियल लॉक आणि स्नॉर्कल कंपनीतूनच. आरटीओची कटकट नाही. दादांना सांगा थार विका.

---

बंपर_ते_बंपर | रविवार, सकाळी ९:४१

झालं सुरू. आता मारुतीचा जिम्नीवाला येईल.

---

लहानगी_जिम्नी | रविवार, सकाळी ९:४४

आलो. जिम्नी साधारण बाराशे किलोची आहे, तुमच्या गाडीपेक्षा पाच-सहाशे किलो हलकी. तुम्ही रुतता तिथं आम्ही वरून जातो. आणि तुमची काढायला आम्हीच थांबतो, पण ओढत नाही, आमची वाकेल.

---

रानवाट | रविवार, सकाळी १०:१०

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). जिप्सीवाला म्हणून मी जिम्नीच्या बाजूनं. १९८५ ला आलेली जिप्सी त्याच घराण्यातली, वजन कमी हाच तिचा सगळा मोठेपणा. पाठीचा कणा मात्र स्वतःचा न्यावा लागतो, पुढं-मागं पाटेच आहेत.

---

वाळूतला_मासा | रविवार, सकाळी ११:००

ओढण्यावरून एक गंभीर. रुतलेली गाडी टो बॉलला, म्हणजे ट्रेलरच्या त्या गोळ्याला, पट्टा अडकवून कधीही ओढू नका. तो ट्रेलर सरळ ओढायला असतो, झटका खायला नाही. तुटला की तोफगोळा होऊन समोरच्या काचेतून आत येतो, माणसं मेलीत यात. चॅसीला बोल्ट केलेला रिकव्हरी पॉइंट आणि रेट केलेलं (किती वजन झेपतं ते लिहिलेलं) शॅकल म्हणजे लोखंडी कडी, एवढंच वापरा. विंचच्या दोरावर जाड गोधडी किंवा ओलं पोतं टाका, म्हणजे तुटला तर उसळत नाही. आणि मुलं, हौशी फोटोवाले, सगळे दोराच्या लांबीच्या बाहेर. ओढ कमी पडली तर झटके न देता पुली लावून दोर दुमडा, ताकद जवळजवळ दुप्पट होते, वेग निम्मा.

५४० ला पुढं-मागं असे पॉइंट नसतील तर इंजिनच्या आधी ते करा. पुरात माणसं काढणारी गाडी आहे ती.

---

वहिनीसाहेब_५४० | रविवार, रात्री ९:२०

नमस्कार. आजच खातं काढलं. मी धाग्यातली वहिनी.

भावजींनी लिहिलंय ते खरं आहे, पण घरातले दोन मोठे मुद्दे गाळलेत, तेवढे भरते.

एक. मामंजी "माझ्या मागं करा" म्हणतात त्याचं कारण इंजिन नाही. गेल्या पावसापासून त्यांचा उजवा खांदा धरलाय. पाणंदीत वळवताना त्यांना स्टिअरिंग ओढत नाही, आणि ते कुणाला सांगत नाहीत. मी शेजारी बसते म्हणून मला दिसतं. ते सकाळी फडकं मारतात आणि किल्ली माझ्याकडं देतात, "तूच ने आज." थर्डगिअर ताईंनी जे लिहिलं ते माझ्याबद्दल म्हणून सगळ्यांनी वाचलं. मी ते मामंजींबद्दल म्हणून वाचलं. काल रात्री जेवताना मी हे मोठ्यानं बोलून दाखवलं, तर मामंजी म्हणाले, "भाकरी वाढ." म्हणजे मान्य आहे.

दोन. पैसे. भावजींची जिप्सी, ह्यांची थार, दोन्हींना उसाच्या बिलातून काय काय लागलं त्याची वही माझ्याकडं असते. त्यात लाइट बारची नोंद दोनदा आहे, कारण पहिल्यात पाणी गेलं. तेव्हा ५४० चं काम वहीप्रमाणं होईल, तटांप्रमाणं नाही.

मी ठरवलेलं असं: इंजिन तेच राहील, लायनर-रिंगा-बेअरिंग घालून बांधून घ्यायचं, पंप आणि नोझल कॅलिब्रेट. टायर आहेत तेवढ्याच मापाचे, नवे. पॉवर स्टिअरिंग. पुढं डिस्क ब्रेक. मागं आडवी बाकडी काढून तोंड पुढं असलेली सीट आणि बेल्ट, मग मुलं बसतील, नाहीतर नाही. पुढं-मागं ओढायचे पॉइंट. आणि सासूबाईंसाठी पायरी. ती ह्यांच्या थारलासुद्धा लागेल, त्याचे पैसे ह्यांनी द्यायचे.

कलम_५२ साहेब, यातलं काय आरटीओत सांगावं लागेल?

---

पुणेरी_मिसळ | रविवार, रात्री ९:२५

धागाकर्ते, तुमचे तट होते ना कुठंतरी?

---

रानवाट | रविवार, रात्री ९:३१

होते. वहीत गेले.

---

कलम_५२ | रविवार, रात्री १०:००

@वहिनीसाहेब_५४०, इतकी नेमकी यादी आरटीओतही कुणी नेत नाही.

इंजिन तेच, नंबर तोच, म्हणून तो प्रश्नच मिटला. चॅसी कापू नका, लांबी-रुंदी बदलू नका. सीटचं मात्र आधी विचारा. आरसीवर आसनसंख्या लिहिलेली असते, बाकडी काढून समोर तोंडाची सीट टाकली की आकडा बदलू शकतो, आणि आकडा बदलला की तो तपशिलातला बदल झाला. ब्रेक आणि स्टिअरिंग सुरक्षिततेचे भाग आहेत, म्हणून तेही त्याच अर्जात लिहा, काम सुरू करायच्या आधी. बिलं ठेवा. विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. तोंडी "चालतंय की" म्हणणारा एजंट क्लेमच्या वेळी फोन उचलत नाही.

---

सडेफटिंग | रविवार, रात्री १०:१५

वहिनी, तुमच्या यादीत लाइट बार नाही, मडटायर नाही. माझा विरोध मागे. कोकणात आलात तर सडा पायी दाखवतो, सगळ्या घराला.

---

बंपर_ते_बंपर | रविवार, रात्री १०:२२

मलाही दाखवा. टायरचे वळ कुठं पाहिले तेही सांगा, ग्रुपवर टाकतो. त्या बाजूला जाणारे दोन-तीन ग्रुप ओळखीचे आहेत.

---

सडेफटिंग | रविवार, रात्री १०:३०

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. जागेचं नाव उघड नको.

---

घिसाडी | सोमवार, सकाळी ८:१०

यादी उत्तम. दोन तांत्रिक गोष्टी, काम सुरू व्हायच्या आधी.

पॉवर स्टिअरिंगचे दोन मार्ग. एक हायड्रॉलिक, बोलेरोसारख्या गाडीचा बॉक्स आणि पंप. पंपाला इंजिनवर ब्रॅकेट करावं लागतं आणि त्याची पुली क्रँकच्या पुलीच्या एका रेषेत यायला हवी, नाहीतर बेल्ट खात राहील. दुसरा, छोट्या मारुती गाड्यांचा इलेक्ट्रिक कॉलम. बसवायला सोपा, काही जण लावतात, पण तुमची गाडी पाण्यात जाते आणि भावजींना इलेक्ट्रॉनिक्स नको आहे. तर हायड्रॉलिक. बंद पडलं तरी जड का होईना, स्टिअरिंग वळतं.

डिस्क ब्रेकबरोबर बूस्टर (ब्रेकला जोर देणारा) येणार. डिझेलला पेट्रोलसारखा मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून व्हॅक्यूम पंप असलेला आल्टरनेटर लागेल. तोही त्याच बाजूला येतो. म्हणून इंजिन खाली उतरवायच्या आधी पुढच्या बाजूची सगळी मापं घ्या: पुलीपासून रेडिएटरपर्यंत, पुलीपासून चॅसीपर्यंत. इंजिन बाहेर काढल्यावर ही मापं मिळत नाहीत.

आणि किंगपिनची (पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिची) बेअरिंग आधी तपासा. ती घासलेली असतील तर पॉवर स्टिअरिंग लावून तुम्ही फक्त ढिली गाडी हलकी कराल.

---

वहिनीसाहेब_५४० | सोमवार, सकाळी ८:४५

मापं आज दुपारीच घेतो. टेप मामंजी धरणार आहेत, आकडे मी लिहिणार. ह्यांना आणि भावजींना उसाला पाणी पाजायला पाठवलंय.

किंगपिनचं कसं तपासायचं, जॅकवर चाक उचलून वर-खाली हलवून?

---

घिसाडी | सोमवार, सकाळी ९:०२

हो. वरून आणि खालून धरून हलवा. खेळ जाणवला की दुसऱ्या कुणाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन. गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय हात घालू नका, नुसत्या जॅकवर नाही.